मालकाचं माप

सकाळचे सव्वानऊ. बाई मालकाच्या पोटातला कापूस काढत होत्या.

मालक म्हणजे बाईंच्या शिवणाच्या दुकानातला कपडे चढवून बघायचा पुतळा. लाकडी तिवईवर उभा. खांदे, छाती, पोट एवढाच ऐवज. डोकं नाही, हात नाहीत. असा पुतळा बहुतेक शिंप्यांकडे असतो आणि आहे तसाच राहतो. हा मात्र चाळीस वर्षांत म्हातारा झाला आहे. त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरलेला आहे, पाठीला बाक आहे, आणि बरीच वर्षं त्याला चांगलं सुटलेलं पोट होतं. ते पोट आता कमी करायचं होतं. बाईंनी मांजरपाटाच्या आवरणाची एका बाजूची शिवण उसवली होती आणि चिमटीचिमटीने कापूस बाहेर घेत होत्या. मधूनच टेप लावून बघत होत्या.

दुकान माजी सैनिक संघटनेच्या इमारतीत, जिन्याला लागून आहे. वर सभागृह. जिन्यावर कोण चढतंय ते बाईंना गुडघ्यांच्या आवाजावरून कळतं. त्या दिवशी अकरा वाजता सभा होती. सरकारने माजी सैनिकांच्या सवलती आणि दफन यांबद्दलच्या नव्या कायद्याचा मसुदा काढला होता आणि संघटनांची मतं मागवली होती. मसुद्यातलं सतरावं कलम बाईंबद्दल होतं. म्हणजे त्यात कुणाचं नाव नव्हतं. पण या शाखेत त्या कलमात बसणारी बाई एकच.

"काय मालक, एकदम उतरलात!" तोफवाले दारातूनच म्हणाले. तोफखान्यात त्यांचे दोन्ही कान गेले, तेव्हापासून ते सगळ्यांशी मैदानावर उभं असल्यासारखे बोलतात.

"हळू बोला भाऊजी. चौकात ऐकू जातंय."

"आं?"

"काही नाही. हात वर करा."

त्यांना सभेआधी कोट आत घ्यायचा होता. "माझ्याबरोबर अजून एक जण मावेल यात," ते म्हणाले. "तुम्हीच शिवलाय. शिवणीत जास्तीची माया ठेवा म्हणालो होतो, पोट वाढेल म्हणून."

"ठेवली होती. वाढलं तेव्हा सोडली. आता तुमचंच पोट पळून गेलं, त्याला मी काय करू?"

बाईंनी पोटाचं माप घेतलं. आकडा स्वतःशीच पुटपुटल्या. मग कोटाला हात लावायच्या आधी मालकाकडे वळल्या आणि आणखी मूठभर कापूस ओढून काढला. तोफवाले बघत होते. एरवी ज्यांना खालच्या पट्टीत बोलता येत नाही, ते त्या वेळी हळू बोलले.

"म्हणजे तोही खंगला."

"वय झालं की होतंच," बाई म्हणाल्या आणि टाचण्या तोंडात धरल्या.

चाळीसेक वर्षांपूर्वी एका थंडीत नदीपलीकडे पाच जणांची तुकडी गेली होती. चौघे परत आले: आता संघटनेचे अध्यक्ष असलेले कॅप्टन, तोफवाले, एक हवालदार आणि एक आचारी. पाचवा बाईंचा नवरा. त्या रात्रीबद्दल चौघांनीही वेगवेगळ्या वेळी बाईंना एकच गोष्ट सांगितली आणि प्रत्येकाची गोष्ट एकाच ठिकाणी संपली: धुकं होतं, मागे वळून पाहिलं, तर तो नव्हता. प्रेत मिळालं नाही. कागदावर 'बेपत्ता' लागलं ते आजतागायत.

बाई नवऱ्याला 'हे' म्हणतात. 'हे होते' असं त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. 'हे आहेत' असंही नाही. वाक्य त्या अशा बेताने जुळवतात की क्रियापदाची वेळच येत नाही.

सैन्याने परत पाठवलेल्या पेटीत दोन सदरे होते. सुरुवातीला बाईंनी त्यातला एक पुतळ्यावर चढवून ठेवला. तीनेक वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, की माणूस आज दारात उभा राहिला तर हा सदरा त्याच्या अंगात जाणार नाही. तिशीत पुरुष भरतो. मग त्यांनी पेटीतले दोन्ही सदरे उसवले, मुलीचे फ्रॉक शिवले, आणि नवऱ्यासाठी नवा सदरा बेतला. माप कुठून आणायचं, हा प्रश्न पडला नाही. त्याच्याच वयाचे, त्याच्याच पाण्यावर आणि त्याच हवेत वाढलेले चौघे दर वर्षी कपडे शिवायला येतच होते. कॅप्टनच्या गळ्यावरून गळा वाढला. आचाऱ्याच्या पोटावरून पोट. हवालदाराच्या पाठीला बाक आला, तसा मालकाच्याही आला. दर वर्षी नवा सदरा, जुना कुणा गरजूला. दुकानात कधी दोन सदरे लटकलेले दिसले नाहीत. शिळं माप बाईंना चालत नाही.

यात त्यांना काही विचित्र वाटलं नाही. "आल्यावर अंगात घालायला काही नको?" एवढंच त्या म्हणत. गिऱ्हाइकांनी पुतळ्याला 'मालक' म्हणायला सुरुवात केली ती थट्टेत. पुढे थट्टा गेली, नाव राहिलं. आता लोक दुकानातून निघताना बाईंचा निरोप घेतात आणि तिवईकडे बघून किंचित मान हलवतात. आपण असं करतो हे त्यातल्या बहुतेकांना माहीतही नसावं.

मग आचारी गेला. दोन हिवाळ्यांपूर्वी हवालदार गेले. दफनासाठी त्यांना कोट चढवायला बाईंनाच बोलावलं. पाठीवर उताणा निजलेल्या माणसाला बाक नसतो. वीस वर्षं ज्या बाकाचं माप घेतलं, तो नाहीसा झाला होता आणि कोट पुढून लांब पडत होता. बाईंनी तो तिथेच टाचला. दुकानात येऊन मालकासमोर उभ्या राहिल्या. त्याची पाठ सरळ करायची का, हे त्यांना कळेना. त्यांनी ती तशीच ठेवली.

मुलगी साडेदहाला आली. ती परिचारिका आहे. रात्रपाळी संपवून थेट आली होती, पायात अजून वॉर्डातल्या चपला. वडील गेले तेव्हा ती जन्मायची होती.

"आई, आज हो म्हण."

"चहा घेतेस?"

"चहा नको. हो म्हण. एक दगड मिळेल, जागा मिळेल. तुझं उद्या काही झालं तर तुलाही तिथेच. नाहीतर तुला कुठे नेऊ मी? एकीकडे तू, आणि ते कुठेच नाहीत."

"मालकाला जरा धर. डावीकडे कलतोय."

मुलीने धरलं नाही. लहानपणी तिला वाटायचं, हा रात्री उठून जेवतो. नाहीतर पोट कसं वाढतं? ताटात उरलेला घास ती मुद्दाम संपवून टाकायची, त्याला मिळू नये म्हणून. पुढे ती शहाणी झाली, शिकली, रोज मेलेली माणसं बघू लागली; पण या खोलीत ती अजूनही त्याच्याकडे पाठ करून बसत नाही.

"मला बाप पाहिजे असं नाही गं," ती म्हणाली. "आता काय करायचाय? मला तो एका जागी पाहिजे. सारखा सगळीकडे नको."

बाईंनी तिवईखाली पुठ्ठ्याची घडी सारली. मालक सरळ झाला.

वर सभागृहात पंधरा-सोळा जण होते. चिटणीस वयाने लहान, कचेरीतली नोकरी केलेला. त्याने सतरावं कलम वाचलं. पंचवीस वर्षांहून अधिक काळ बेपत्ता असलेल्या सैनिकास, निकटच्या नातेवाइकाच्या संमतीने, मृत मानण्यात येईल. सैनिकी दफनभूमीत त्याच्या नावे कबर व दगड देण्यात येईल. पत्नीस त्याच कबरीत दफनाचा हक्क राहील. अवशेष उपलब्ध नसल्यास मृताच्या वापरातील वस्त्र पुरण्यात यावे.

"शस्त्र?" तोफवाले म्हणाले. "शस्त्र पुरायची परवानगी आहे?"

"वस्त्र, काका. वस्त्र."

"हां. मग ठीक. मी म्हटलं, सरकार एवढं उदार कधी झालं?"

कोठीवाले उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी पलटणीची कोठी सांभाळली. कुठे काय किती उरलंय यावर त्यांचं लक्ष असतं. "माझा विरोध आहे, आणि वहिनींबद्दल आदर ठेवून आहे. दफनभूमीत जागा किती राहिल्यात, जाऊन बघा. तिथे आपण रिकामी पेटी पुरणार. उद्या मी गेलो की मला म्हणणार, जागा नाही, शहराच्या दफनभूमीत जा, बसडेपोच्या मागे."

"तुम्हाला एवढी घाई कशाला?" मागून कुणीतरी म्हणालं. "रांगेत या."

हशा झाला. कॅप्टननी टेबलावर बोट वाजवलं. "या कलमावर आपलं मत काय, ते ज्याला सोसायचंय त्यानेच सांगावं. वहिनी हो म्हणाल्या तर शाखेचं मत हो. वहिनी?"

बाई उभ्या राहिल्या. गळ्यात टेप तसाच होता. "वापरातलं म्हणजे काय?"

"त्यांनी अंगावर घातलेलं," चिटणीस म्हणाला. "सदरा, स्वेटर, काहीही."

"तसं काही नाही. पेटीतलं मी कापून वापरलं."

"काहीच नाही?"

"खाली एक सदरा शिवलेला आहे. घातलेला नाही."

चिटणिसाने मसुद्याकडे पाहिलं. भला माणूस, अडलेलं काम सोडवायची त्याला सवय. "त्यांच्या मापाचा आहे ना? मग चालवून घेता येईल."

मालक कसा वाढला, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कधीतरी टेप त्यांच्याही अंगाभोवती फिरलेला होता.

"त्याचं पोट," तोफवाले म्हणाले, "आधी आचाऱ्याचं होतं. आता माझं आहे."

"खांदा आणि पाठ हवालदाराची," बाई म्हणाल्या.

कॅप्टनना हे नवीन नव्हतं. पण आजवर कधी विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं. "आणि माझं काय?"

"गळा."

कॅप्टनचा हात कॉलरकडे गेला आणि तिथेच राहिला. नदीपलीकडून परत आलेले चौघे, त्यांतले दोघे आधीच मातीत, आणि पुरायला निघालेला सदरा त्या चौघांचाच. त्यात न परतलेल्याचं एक सूतही नव्हतं. कोठीवाले हळूच खाली बसले.

"सही केलीत की सगळं मिळेल, वहिनी," कॅप्टन शेवटी म्हणाले. "पूर्ण निवृत्तिवेतन, जागा. आम्ही कुणी नावं ठेवणार नाही. फक्त एक वाक्य म्हणायचंय. माझे पती मृत झाले आहेत, असं मी मानते."

मुलगी आईकडे बघत होती. बाईंनी वाक्य मनात म्हणून बघितलं असावं; ओठ हलले. मग त्यांनी टेप गळ्यातून काढून हाताला गुंडाळला.

"ते माझ्याच्याने होणार नाही," त्या म्हणाल्या. "पण मुलीचं खरं आहे. तिला एक जागा पाहिजे. ती माझ्या नावाने द्या."

"तुमच्या?"

"माझ्या. मी आधी जाते. शेजारची ह्यांच्यासाठी मोकळी ठेवा. ह्यांचं ह्यांनी बघावं."

"कायद्यात बायकोला स्वतःचा हक्क नाही, काकू," चिटणीस म्हणाला. "नवऱ्यामागूनच."

"नाही ना? मग मागा. त्यांनी मतच विचारलंय."

"आणखी एक जागा गेली," कोठीवाले म्हणाले, पण उठले नाहीत.

मतदान झालं. कलम सतरा मान्य. त्याखाली शाखेची सूचना, की बेपत्ता सैनिकाच्या पत्नीला, पतीला मृत मानण्याची अट न घालता, स्वतःच्या नावे जागा मिळावी. नऊ विरुद्ध सहा. कोठीवाले सहांत. तोफवाल्यांनी हात दोनदा वर केला आणि एकच मोजला गेला. ही सूचना कायद्यात येईल असं त्या खोलीत कुणालाच वाटत नव्हतं, आणि कलम आहे तसं मंजूर झालं तर बाईंना काहीही मिळणार नाही, हे बाईंनाही माहीत होतं.

जिन्यात मुलीने आईला थांबवलं.

"म्हणजे मी आधी तुला पुरायचं. शेजारी खड्डा ठेवून."

"खड्डा कशाला? सपाट जमीन."

"आणि तिथे येऊन मी बघायचं कुणाकडे? तुझ्याकडे की जमिनीकडे?"

"माझ्याकडे बघ. मी तर नक्की असेन."

मुलीला हसू आलं आणि ते आल्याचा रागही आला. ती तशीच चपला वाजवत निघून गेली. दुपारी तिला झोप लागली की नाही, हे बाईंनी विचारलं नाही.

दुकानात येऊन बाईंनी मालकाची उसवलेली बाजू टाचली आणि वरून शिवली. हात फिरवून पाहिला. पोट बसलं होतं. आता छाती त्याच्या मानाने मोठी वाटत होती. तीही पुढे उतरवावी लागेल. एकदा कमी व्हायला लागलं, की ते कुठे थांबतं हे त्यांनी दोनदा जवळून पाहिलं होतं. त्यांनी कापसाची पिशवी बांधून वरच्या फळीवर टाकली.

दारात कॅप्टन उभे होते. आत आले नाहीत. मालकाकडे त्यांनी पाहिलं. आज मान हलवली नाही, नीट बघत राहिले.

"माझं माप तुम्ही शेवटचं कधी घेतलं, वहिनी?"

"झाली बरीच वर्षं. तुम्ही तयार शर्ट घ्यायला लागलात."

"मग हा गळा जुना आहे."

"जुनाच आहे," बाई म्हणाल्या. "तुमचा वाळलाय. लांबूनही दिसतंय."

कॅप्टननी कॉलरचं बटण सोडलं. "उद्या येऊ?"

"साडेनऊला या. कॉलरचा शर्ट नको."

दुकान रोज नऊला उघडतं; मालकाच्या गळ्याची शिवण उसवायला अर्धा तास पुरे. उद्याचं पहिलं गिऱ्हाईक कॅप्टन आहेत.