बारशाच्या दिवशी बंद पडलेला पडदा

त्या सकाळी डेस्कटॉप अपडेट करायची काहीएक गरज नव्हती. पण भाचीचं बारसं होतं, घर पाहुण्यांनी भरलं होतं, आणि साताऱ्यात कॉम्प्युटर शिकवणारी आत्या म्हणून मला मिरवायचं होतं.

भाऊ फौजेत, पार सीमेवर. लेकीच्या बारशाला सुट्टी मिळाली नाही. त्यानं मला आधीच सांगून ठेवलं होतं, "ताई, नाव मी ठरवलंय, कुनालाच सांगितलं न्हाई. पाटीवर लिवून दावतो. तवाच तू तिच्या कानात कुर्र कर." चौकीवरून खाली उतरलं तरच त्याला रेंज मिळायची, तीही थोडा वेळ. बारशात त्याचा वाटा तेवढाच. मी म्हटलं, "पलूसच्या घरात टीव्हीला तुझाच डेस्कटॉप जोडते. सगळी आळी बघू दे तुला."

डेस्कटॉप खरंच त्याचा. गेम खेळायला म्हणून हौसेनं ग्राफिक्स कार्ड घातलेला. तो भरती झाल्यावर मी त्यावरचं विंडोज काढून लिनक्स टाकलं आणि 'हे कधी दगा देत नाही' असं आल्यागेल्याला ऐकवत बसले.

अपडेट झालं, मशीन परत सुरू केलं आणि टीव्ही काळा. नवं कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आलं होतं, कार्डाचा ड्रायव्हर त्याच्याशी जुळत नव्हता. अशा वेळी सुरुवातीच्या मेनूतून जुनं कर्नल निवडायचं, तात्पुरतं काम भागतं. वर्गात मी हेच घसा फोडून सांगते. पण पाहुण्यांसमोर माझं डोकंच चालेना. नुसती अक्षरं दिसणाऱ्या टर्मिनलवर जाऊन मी ड्रायव्हर काढून टाकला आणि नवा उतरवायला लावला. इंटरनेट माझ्या फोनवरून. इकडे बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली.

"अगं, झालं का न्हाई? बायका खोळंबल्यात," आई म्हणाली.

"झालंच."

तेवढ्यात फोन वाजला. भाऊ. माझ्या फोनवर बोलायला घेतलं की कॉम्प्युटरचं इंटरनेट तुटतं, आणि ड्रायव्हर निम्म्याहून जास्त उतरला होता. मी फोन कापला. त्यानं पुन्हा केला, मी पुन्हा कापला. मनात म्हटलं, थांब की रे, आता मोठ्या पडद्यावरच भेटू. त्यानं वहिनीला लावला असता, तर तिचा फोन मीच सकाळी आतल्या कपाटात ठेवायला लावला होता. आज सगळं टीव्हीवर, असं माझं फर्मान होतं.

पडदा उजळला. एकदम लख्ख. बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि मला फार बरं वाटलं. आज त्या बरं वाटण्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

मी डेस्कटॉपवरून भावाला व्हिडिओ कॉल लावला. लागेना. परत लावला. मग धावत जाऊन वहिनीचा फोन कपाटातून आणला. त्याच्यावरही त्याचा एक कॉल येऊन गेला होता. त्यावरूनही लागला नाही. त्याचा वेळ संपला होता, तो परत वर गेला होता.

वहिनी नवी साडी नेसून पाळण्याशेजारी बसली होती. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "आवं वन्सं, मला पडदा कशाला पायजे हुता? निस्ता आवाज ऐकला असता तरी चाललं असतं."

आईनं तर माझ्याकडं बघितलंच नाही. "अति शाना त्याचा बैल रिकामा," एवढं पुटपुटली आणि मला पाळण्याकडं ढकललं. "आता कुर्र तरी कर. पाळणा असा ताटकळत ठिवू नगंस."

आमच्याकडं आत्या बाळाच्या कानाशी वाकली की मागून बायका तिच्या पाठीत बुक्के घालतात. मी वाकले. सांगायला माझ्याकडं नाव नव्हतंच. त्या एवढ्याशा कानात मी म्हणाले, "चुकलं गं बाई माझं."

नाव सांगून झालं असं समजून पाठीत धपाधप बुक्के बसले. बायका खिदळत होत्या. मला ते बुक्के आणखी जोरात हवे होते.

"सांग की गं, काय नाव ठेवलं?" सगळ्या एकदम विचारू लागल्या. टीव्हीवर भावाचा वर्दीतला फोटो तेवढा दिसत होता, आणि मी पाळण्यातून डोकं वर काढत नव्हते.