घोडी थांबली तिथंच

कळमनुरीतले टांगे कधीच बंद झाले, पण नासेरभाईंनी घोडी ठेवली. लग्नसराईत वरातीला न्यायची, एरवी दारात बांधायची. यंदा त्यांच्या मुलानं, कामराननं तिला लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरवलं. भर उन्हात धावून ती तिसरी आली.

घरी परतताना ती माझ्या दारासमोर थांबली. मी पाण्याची बादली ठेवली. तिनं तोंडसुद्धा लावलं नाही. मला वाटलं, माझीच बादली खराब असेल.

"तहान न्हाई तिला, काका," कामरान म्हणाला. "दमली हाय. थोडी चालवली की मोकळी होईल."

त्यानं लगाम ओढला. घोडीनं मागचा पाय घासत एक पाऊल टाकलं. मागून धापा टाकत नासेरभाई आले आणि तिच्या पुठ्ठ्यावर हात ठेवला.

"सोड. लाकूड झालंय हे."

तेवढ्यात तिनं लघवी केली, काळ्या चहासारखी. कामराननं लगाम सोडला.

जनावरांच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं. म्हणाले, घामावाटे मीठ गेलं की घोड्याला तहान कळत नाही. स्नायू आखडतात, झिजतात आणि त्यांचा अंश लघवीत उतरतो. मूत्रपिंडं वाचली तर घोडी वाचेल. तोवर तिला एक पाऊलही चालवायचं नाही.

कामरान दबकत म्हणाला, "अब्बा, गल्लीत लोक हार घेऊन उभे हायेत."

"मंग तू जा, घालून घे."

तो गेला नाही. बांबू आणून त्यानं घोडीवर ताडपत्री बांधली.

नासेरभाई माझ्या ओट्यावर टेकले. त्यांचे गुडघे सुजले होते. "प्रेमदासभाऊ, तुमच्या दारात वरात आली बघा. नवरदेव तेवढा न्हाई."

मला हसावं की नाही, कळेना. मी चहा आणला, तो तसाच निवला. त्यांच्या घरून मदीनाबींनी पाठवलेली भाकरीही फडक्यात राहिली. रात्रभर घोडी लघवीला उभी राहिली की ते उठायचे, रंग बघायचे आणि परत बसायचे. मी एकदा एवढंच विचारलं, बादली बदलून बघू का.

सकाळी जाग आली ती बादलीच्या आवाजानं. घोडी पीत होती, सावकाश, मध्ये थांबत. मातीवरचा ओला डाग आता फिका पिवळा दिसत होता.

"बादली तीच हाय, भाऊ," नासेरभाई म्हणाले.

कामराननं लगाम उचलला. "नेऊ का घरी?"

"ठेव तो. डॉक्टर येऊ दे. तिला वाटंल तवा चालंल."

ते भिंतीला टेकून डोळे मिटून बसले. मी बादली भरायला गेलो.