बसल्याजागी हात जोडायचे

देव आहे, याबद्दल मला कधी शंका नव्हती. तो माझं ऐकतो का, याबद्दल मात्र मोठी होती. आमच्या मालकांना लकवा मारून दीड वर्ष होत आलं होतं, आणि त्या दीड वर्षात मी देव्हाऱ्यासमोर जेवढी भांडले तेवढी उभ्या जन्मात सासूशीही भांडले नव्हते. त्यांची उजवी बाजू गेली, ते मी सोसलं. ते डाव्या हाताने जेवायला शिकले, काठी धरून अंगणात फिरायला लागले. पण वाचा गेली ती गेलीच. तोंडात एकच शब्द उरला, 'आता'. तहान लागली तरी आता, ऊन लागलं तरी आता, माझा राग आला तरी आता. अंगणवाडीत बावीस वर्षं मी लोकांच्या लेकरांना बोलायला शिकवलं, आणि घरातल्या माणसाला 'पाणी' एवढं म्हणायला शिकवता येईना. याची मला फार लाज वाटायची.

आम्ही नांदूरघाटकडचे मेंढपाळ. मेंढरं आता मुलगा बघतो, पण आमच्या वस्तीवर मेंढरांची खरी ओळख मालकांच्या आवाजाशी होती. लोकर कातरायच्या आधी मेंढरं नदीवर नेऊन धुवावी लागतात. मेंढराची जात अशी की एक बिचकलं की सगळी त्याच बाजूला लोटतात, एकमेकांच्या अंगावर चढतात, आणि खालची पाण्यात गुदमरतात. अशा वेळी मालक गुडघाभर पाण्यात उभे राहून घशातून एक आवाज काढायचे. तो कागदावर लिहिता येत नाही. लांब, खोल, आणि शेवटी हळूच खाली उतरणारा. तो ऐकला की मेंढरू जिथे असेल तिथे थांबायचं. मेंढरूच कशाला, वस्तीवरची पोरंही त्या आवाजावर वाढलेली. भांडणं जुंपली की मालक तो आवाज द्यायचे आणि पोरं मुकाट्याने खाली बसायची. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या दिवशी मीही डोक्यावरच्या हंड्यासकट जागच्या जागी थांबले होते. त्यावरून सासरच्यांनी मला वर्षभर चिडवलं.

वाचेच्या सरावासाठी आम्ही महिन्यातून एकदा बीडला एका डॉक्टरीणबाईंकडे जायचो. त्या गाईचं चित्र दाखवायच्या, तांब्याचं दाखवायच्या. मालक चित्राकडे बघायचे, ओठ हलवायचे, घामाघूम व्हायचे आणि म्हणायचे, आता. परतीच्या एसटीत ते खिडकीकडे तोंड करून बसायचे आणि गाव येईपर्यंत माझ्याकडे बघायचे नाहीत.

गेल्या शिमग्याच्या सुमारास मी गंगेला नवस बोलले. आमच्या भागात गोदावरीला कोणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. पण माझ्या नवसात नवस कमी आणि अट जास्त होती. मालक बोलले तर भर धारेत, महादेवाच्या देवळासमोर तुझी ओटी भरीन. नाही बोलले तर नाही. हे मी पुढे मार्गशीर्ष लागल्यावर माझ्या नणंदेला, म्हणजे मालकांच्या धाकट्या बहिणीला सांगितलं, तेव्हा तिने कपाळाला हात लावला.

"वैनी, देवासंगं असा सौदा करत्यात व्हय? आदी ओटी भरा, मंग मागा."

"दीड वरीस नुसते हात जोडले की वन्सं. काय भेटलं?" मी म्हणाले.

तरी जायचं ठरलं. नणंदेने वस्तीवरची नातेवाईक मंडळी गोळा केली आणि मार्गशीर्षातल्या एका सोमवारी आम्ही बाराजण क्रूझर गाडीने गंगेवर गेलो. मी ओटीची पिशवी घेतली होती. खण, नारळ, तांदूळ, हळकुंडं, हिरव्या बांगड्या, सगळं. पण मनाशी ठाम ठरवलं होतं की देवळापर्यंत मालकांच्या तोंडून एखादा शब्द आला तरच ही पिशवी रिकामी करायची. नाहीतर आणली तशी घरी न्यायची.

काठावरच्या त्या गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे झालं त्यात गावाचा दोष नाही आणि नावाड्याचाही नाही. हा नावाडी पूर्वी या काठची माणसं त्या काठाला पोचवायचा. पूल झाला आणि ते काम बुडालं, तेव्हापासून तो इंजिनाच्या नावेतून लोकांना नदी दाखवतो. जुना दगडी घाट, बगळ्यांचं बेट, आणि शेवटी नदीच्या मधोमध खडकावर उभं असलेलं महादेवाचं देऊळ. त्याला वळसा घालायचा आणि परत यायचं. एका फेरीत बारा माणसं, तेरावं घेणार नाही म्हणाला, त्यामुळे मला जरा धीर आला. सगळ्यांना त्याने केशरी जॅकेटं घातली. मालकांचा उजवा हात काही त्यात जाईना. शेवटी त्याने जॅकेट पुढून अंगावर टाकलं आणि नाड्या पाठीमागे बांधल्या. मला ते बरं वाटलं नाही.

निघण्याआधी नावाड्याने सगळ्यांना बजावलं, "देऊळ दिसलं की लोकायला ऱ्हावत न्हाई. पन कुनी उठायचं न्हाई. बसल्याजागी हात जोडायचे. देवाला बसल्यालं मानूस बी दिसतंय."

सगळ्यांनी मान हलवली. मीही हलवली.

नावेच्या दोन्ही कडांना बसायला फळ्या होत्या. मालक डाव्या फळीवर, पाठ पाण्याकडे. मी त्यांच्या उजव्या अंगाला बसले आणि त्यांचं लुळं मनगट हातात धरून ठेवलं. पिशवी कोपरात अडकवली होती. पाणी कडेपासून वीतभर खाली होतं आणि हिरवंगार, तळ दिसत नव्हता. नावाडी इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून माहिती सांगत होता, बाया एकमेकींना बगळे दाखवत होत्या. माझं कशातच लक्ष नव्हतं. मी मालकांच्या कानाशी लागून म्हणत होते, "पानी म्हना. हे काय हाय? पानी. म्हना की." ते माझ्याकडे बघायचे, ओठ जुळवायचे आणि म्हणायचे, आता. घाट मागे पडला. बेट मागे पडलं. मी पुन्हा म्हटलं, पुन्हा आता. त्यांच्या कपाळावर घाम आला तरी मी थांबले नाही. देऊळ जवळ येत होतं आणि माझी मुदत संपत होती. मनातल्या मनात मी गंगेला बजावलं की अजून वेळ आहे, बघ. आज ते आठवलं की वाटतं, आजारी माणसाला आणि देवाला मी एकाच दमात दटावत होते.

नाव वळली आणि उजव्या हाताला एकदम देऊळ आलं. इतकं जवळ की पायरीवरची बेलाची पानं दिसली. कोणीतरी "हर हर महादेव" म्हटलं. आमच्या लोकांत देव समोर आल्यावर बसून राहणं म्हणजे मोठा अपराध. पालखी दारात आली की खाटेला खिळलेली माणसंही भिंत धरून उठतात. नावाड्याचं सांगणं कानाआड झालं आणि सगळी माणसं एका वेळी उठली. डाव्या फळीवरची उजवीकडे सरकली, हात जोडून, डोळे मिटून. लिहायला लाज वाटते, पण मीही उठले. मालकांचं मनगट सोडलं आणि हात जोडले.

नाव उजवीकडे कलली. कडेवरून पाणी आत आलं आणि पायांना थंडगार लागलं. नावाडी "बसा, बसा" म्हणून ओरडत होता, त्याने इंजिन बंद केलं, पण ऐकतंय कोण? पाणी आत येताना बघून सगळी माणसं किंचाळत उलटी फिरली आणि डावीकडे धावली. आता नाव डावीकडे आणखीच खाली गेली. एकजण दुसरीच्या अंगावर पडली, कोणी कोणाचा दंड धरला, कोणी पदर. मी वळून बघितलं तर मालक पाठीवर पाण्याकडे झुकत होते. डावा हात फळी धरायला धडपडत होता आणि उजवा नुसता लोंबत होता. जॅकेट एका बाजूला सरकलं होतं.

मी जोडलेले हात सोडले आणि दोन्ही हातांनी त्यांच्या कमरेला मिठी मारली. त्याच वेळी पिशवी कोपरातून सुटली, कडेवर आपटली आणि पाण्यात गेली. ती धरता आली असती. एक हात पुरला असता. पण मग मालकांसाठी एकच हात उरला असता. नऊ महिने जपलेली अट, तो खण, तो नारळ, सगळं माझ्या डोळ्यांदेखत गेलं आणि मला त्याचं काही वाटलं नाही. देवाकडे मी काही मागितलंही नाही. मागायला सुचायला तरी पाहिजे ना. माझं तोंड मालकांच्या छातीवर दाबलेलं होतं आणि ती छाती फुगलेली मला कळली.

मग तो आवाज आला. लांब, खोल, आणि शेवटी हळूच खाली उतरणारा.

तो माझ्या कानाला आधी कळला नाही, गालाला कळला, इतका तो छातीतून आला. दीड वर्षांत ऐकला नव्हता. आणि नावेतली सगळी माणसं, जिथे होती तिथे, खाली बसली. कोणी विचार करून बसलं नाही. पन्नाशीतला मोठा मिशीवाला चुलतदीरही लहानपणी बसायचा तसा गुडघे पोटाशी घेऊन बसला. मालकांनी दुसऱ्यांदा आवाज दिला, पहिल्यापेक्षा हळू. नाव एकदा उजवीकडे गेली, एकदा डावीकडे आली, आणि मग स्थिर झाली. पाणी घोट्यापर्यंत साचलं होतं.

नावाड्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने डब्याने पाणी उपसायला घेतलं आणि उपसता उपसता विचारलं, "कोन वरडलं हो ते? माज्या बोलन्यानं तर कुनी बसलं न्हाई."

नणंद सरपटत मालकांच्या पायाशी आली. "दादा, तुमीच आवाज दिला न्हवं? दादा, बोला की."

मालकांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. ओठ जुळवले आणि म्हणाले, "आता."

मी रडले आणि हसलेही. किती वेळ, ते सांगता येणार नाही. नावाड्याने इंजिन सुरू केलं आणि देवळाला अगदी सावकाश वळसा घातला. या वेळी बाराच्या बारा माणसं ओल्या फळ्यांवर घट्ट बसून होती आणि बसल्याजागी हात जोडत होती. मी एकच हात छातीशी नेला. दुसऱ्या हातात मालकांचं मनगट होतं, ते काही मी सोडलं नाही. देवाने एका हाताचा नमस्कार घेतला असेल, असं मला वाटतं.

घाटावर उतरल्यावर नणंद म्हणाली, "वैनी, ओटी गेली की वाहून. दुसरी घिऊन येऊ पुढल्या सोमवारी."

"तिची तिनं घेतली, वन्सं," मी म्हणाले. "माज्या हातानं सुटत नव्हती, म्हनून."

बीडच्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या की जन्मभराच्या सवयीचे आवाज, गाणी, हाका कधीकधी अशा आजारातही शाबूत राहतात, प्रसंग पडला की बाहेर येतात. तसं असेल. बाई शिकलेल्या आहेत आणि मी त्यांच्याशी वाद घातला नाही. मला एवढंच कळतं की तो आवाज दीड वर्ष त्यांच्या छातीत होता आणि मी मात्र रोज त्यांच्याकडे 'पाणी' मागत बसले होते. जे त्यांच्याजवळ नव्हतं तेच मी मागत राहिले, त्यांच्याकडेही आणि देवाकडेही. जे होतं ते कधी विचारलंच नाही.

मालक अजूनही 'आता'च म्हणतात. पण मी आता त्यांना चित्रं दाखवून घाम फोडत नाही. दिवस कलला की त्यांना काठीच्या आधाराने वस्तीच्या तोंडाशी खुर्चीवर नेऊन बसवते. मुलगा मेंढरं घेऊन येतो, मेंढरं आत शिरायची घाई करतात, एकमेकांवर चढायला बघतात. मालक मान वर करतात आणि आवाज देतात. मेंढरं थांबतात. मग मुलगा त्यांना एकेक करून आत सोडतो.

तीच माझी सांजेची वेळ. पूर्वी मी दिवा लावून देव्हाऱ्यासमोर उभी राहायचे आणि भांडणाला सुरुवात करायचे. आता मालकांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसते. तो आवाज आला की मेंढरांबरोबर मीही थांबते, आणि बसल्याजागी हात जोडते.