ताटावरची प्रार्थना

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला, तेवढ्यात आईचा हात त्यांच्या मनगटावर आला. "आधी प्रार्थना." बाबांनी तुकडा ताटात ठेवला आणि मुकाट्यानं डोळे मिटले. तसं हे रोजचंच, पण आज तो हात बघताना मला हॉस्पिटलचा व्हरांडा आठवला.

मागच्या वर्षी बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. स्ट्रेचर आत नेता नेता नर्स थांबली आणि आईला म्हणाली, "करा प्रार्थना." आमची आई चर्चमधल्या साऱ्या आजाऱ्यांसाठी प्रार्थना करणारी बाई. पण त्या दिवशी भीतीनं तिला एक शब्द सुचेना. शेवटी तिनं बाबांचं मनगट धरलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "हे प्रभू, तू दिलेल्या या अन्नाबद्दल तुझे उपकार मानतो..."

"आमेन," बाबा म्हणाले. "पण अगं, रात्रीपासून मला पाण्याचा थेंब दिलेला नाही इथं!"

नर्स हसली, मी हसलो आणि कित्येक दिवसांनी आई हसली. हसता हसता रडली. बाबांना आत नेलं तेव्हा तिनं स्वतःहून त्यांचं मनगट सोडलं.

विश्वासाला मोठमोठे शब्द लागतात, असं मला वाटायचं. आईपाशी ऐन वेळी उरली ती रोज म्हणून म्हणून गुळगुळीत झालेली ताटावरची एक ओळ. भीतीला तेवढी पुरली.

"आमेन," आई म्हणाली. बाबांनी डोळे उघडले, पण मनगट सोडवून घेतलं नाही. भाकरी निवत होती.