वऱ्हाडाचा विमा

माझं लग्न ठरलं त्या उन्हाळ्यात आमच्या घरात दोनच विषय होते, नवरी आणि ट्रक. खरं सांगायचं तर नवरीचा नंबर दुसरा होता.

ट्रक नवा कोरा. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी वडिलांनी आणि काकाने भागीदारीत घेतलेला. वडील निजामपुऱ्यात राहायचे, कचेरीत कारकून. छापलेला कागद हाती आला की बारीक अक्षरासकट वाचल्याशिवाय खाली ठेवायचे नाहीत, मग तो भेळेचा का असेना. धाकटा काका जवळच्या राहनाळ गावात. गाडी तोच चालवायचा, गोदामांचा माल वाहायचा, आणि कागदाशी त्याचं कधी पटलं नाही. त्याने अख्ख्या गावाला सांगून टाकलं होतं, पुतण्याचं वऱ्हाड आपल्याच गाडीतून जाणार. आमच्याकडे तेव्हा वऱ्हाडं ट्रकमधूनच जायची. खाली गाद्या, वर ताडपत्री, आणि मध्ये बायकांची गाणी.

मग विमा एजंट आला. थर्ड पार्टी घेतली तर आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तेवढंच भरून मिळेल, फुल्ल घेतली तर आपली गाडीही त्यात, असं त्याने समजावलं. काकाच्या मते थर्ड पार्टी पुष्कळ झाली, कारण त्याला ठोकायची सवय न्हाय. वडिलांनी फुल्ल घ्यायची ठरवली आणि वर विचारलं, आत बसलेल्या माणसांचं काय? ड्रायव्हर, क्लीनर आणि जादा हप्ता भरला तर हमाल, एजंट म्हणाला. वडिलांनी चष्मा वर सरकवला.

"आणि वऱ्हाड?"

एजंटला हसू आवरेना. मालाच्या गाडीत वऱ्हाड बसतच नाही म्हणे, निदान कागदावर तरी.

काकाने लगेच तोडगा काढला, सगळ्यांना हमाल म्हणून लिहा. आमच्याकडेच राहणाऱ्या आत्याने मान डोलावली. जन्मात कधी भरलेली कळशी न उचललेली आत्या हमाल व्हायला तयार झाली. पण वडील ऐकतील तर शपथ! त्यांनी वऱ्हाडासाठी एसटी ठरवली.

"दादा, गावात माझं नाक कापलंस," काका म्हणाला आणि त्याने बोलणंच टाकलं. दोघे भाऊ एकाच मांडवात वावरत आणि निरोप माझ्याकरवी धाडत. नवरदेव मी, आणि काम पोस्टमनचं! मला दोघांचाही संताप यायचा. पण काकाचं तोंड बघवत नव्हतं. गावात जो भेटेल तो त्याला विचारायचा, काय, गाडी विकली का?

वडिलांनाही ते लागलं असणार. हळदीच्या आदल्या दिवशी ते पुन्हा एजंटकडे जाऊन आले. मालाबरोबर मालाचा मालक असला तर पॉलिसी त्याला धरते, एवढं मला म्हणाले. कुठला माल, ते काही सांगेनात.

लग्न लागलं. माझी बायको शिवणाचा क्लास चालवायची. स्वतःच्या कमाईचं लोखंडी कपाट आणि शिलाई मशीन ती सोबत आणणार होती. ते न्यायला काका रिकामा ट्रक घेऊन आला होता, घुश्शातच. सामान चढलं. आम्ही दोघं एसटीकडे निघालो तर वडिलांनी अडवलं आणि सुनेला ट्रकच्या केबिनकडे नेलं. नवी नवरी ट्रकमध्ये कशाला, म्हणून आत्या कुरकुरली.

"सामान हिचं आहे," वडील म्हणाले. "मालकीण सामानाबरोबर जाईल."

मी मागोमाग चढायला गेलो तर मला खाली उतरवलं. मी ना ड्रायव्हर, ना क्लीनर, ना मालक. लग्नानंतरचा पहिला प्रवास मी आत्याच्या शेजारी बसून केला. काकाने मात्र सरळ रस्ता सोडून गाडी राहनाळच्या मधोमध नेली, हॉर्न वाजवत, पोरं मागे धावत. गावाने नवरी बघितली ती काकाच्या केबिनमध्ये.

आम्ही निजामपुऱ्यात पोचलो तेव्हा ट्रक दारात होता. कपाट आतल्या खोलीत न्या, माझ्या साड्या मावतील, असं आत्याने उतरता उतरताच सांगितलं. बायको खाली मान घालून हळूच म्हणाली, मशीन खिडकीशी ठेवा, उजेड लागतो, आणि कपाट त्याच्या शेजारी. काकाने आत्याकडे पाहिलंच नाही. कपाटाचं एक टोक धरलं आणि दुसऱ्या टोकाला माणूस शोधू लागला. वडिलांनी बाह्या सारल्या. दोघांनी कपाट उंबऱ्यापर्यंत आणलं. तिथे काका थांबला.

"दादा, पाय जपून. तुझा विमा न्हाय काढला."