परीक्षेला बसवलेलं पाणी

आमच्या बोअरचं पाणी वाईट आहे, हे वाक्य वडिलांसमोर उच्चारायला आमच्या घरात बंदी होती. वडिलांना सगळं गाव तात्या म्हणतं, म्हणून मीही. तात्यांच्या मते अंथुर्ण्याच्या शिवारात खरं पाणी एकच, आमचं. ते मचूळ लागतं, बादलीला तांबडा थर धरतं आणि त्याचा चहा काळा पडतो. ही सगळी, तात्यांच्या हिशेबी, पाण्यात कस असल्याची लक्षणं.

बांधापलीकडे आबांची विहीर. आबा आमच्या भावकीतले नव्हेत, नुसते शेजारी. तरी भांडण चाळीस वर्षं टिकलं, याचं श्रेय दोघांच्या चिकाटीला. आबांच्या विहिरीचं पाणी इतकं गोड की रस्त्यानं जाणारे लोक गाड्या थांबवून कॅन भरून नेतात. तात्या बांधावर उभे राहून ते बघत आणि म्हणत, "पानी हाय, पन कस न्हाय."

मग आमची पेरूची बाग माना टाकायला लागली. ठिबक चालू, मोटर चालू, झाडाखाली मात्र माती कोरडी. मी एका नळीचं टोक उघडलं. आतून तांबडा, बुळबुळीत लगदा आला. लग्नात जेलीची वाटी देतात तसा, फक्त वास गंजक्या पत्र्याचा.

"तात्या," मी म्हणालो, "कस निघाला."



बारामतीला एका कॉलेजात पाणी तपासून मिळतं. तिथल्या मॅडमनी मला निर्जंतुक केलेली बाटली दिली. झाकणाला आतून बोट लावायचं नाही, भरली की बर्फात ठेवायची आणि त्याच दिवशी आणून द्यायची. फॉर्मवर काय काय तपासायचं त्याच्या चौकटी होत्या. मी सगळ्यांवर खुणा केल्या. जेवणाच्या ताटातही मी काही सोडत नाही.

घरी येऊन सूचना पोथी वाचावी तशा वाचून दाखवल्या. सकाळी तात्या म्हणाले, "तू च्या पी. बाटली म्या भरतो." चाळीस वर्षांत त्यांनी माझं एकही काम अंगावर घेतलं नव्हतं. मी सद्गदित झालो आणि दोन कप प्यालो. बऱ्याच वेळानं तात्या आले. बाटली लखलखीत. "आत बोटसुद्धा लावलं न्हाय," ते म्हणाले, आणि ते खरं होतं.

एसटीत मी बर्फाचा थर्मास मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या बाईंनी विचारलं, "आत काय हाय वो?"

"पाणी."

"कुठलं?"

"आमच्याच बोअरचं."

"मग बारामतीला कशापायी निघालंय?"

"तपासून घ्यायला."

बाईंनी "बरं वाटंल त्याला," म्हणून धीर दिला.

तिसऱ्या दिवशी अहवाल आणायला गेलो. पाण्याबरोबर मी नळीतला लगदाही जॅमच्या बाटलीतून दिला होता. मॅडमनी तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि मला डोळा लावायला सांगितला. आत केसाहून बारीक धागे, गंजाचे अंगरखे घालून, एकमेकांच्या गळ्यात गळे घालून पडले होते. हे जंतू अंधारात, जमिनीखाली, पाण्यातल्या लोखंडावर जगतात म्हणे. माणसाला काही करत नाहीत, नुसता चिखल करून बसतात. मला ते फारच आवडले. आमच्या घराण्यातलेच वाटले.

"गाळ तुमचा बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "पण हा गाळ आणि हे पाणी एकमेकांचे नातेवाईक नाहीत. पाण्यात लोखंड जवळजवळ नाहीच. मैल्यातले जंतू मात्र आहेत. संडासाचा शोषखड्डा जवळ आहे का? हे पाणी उकळल्याशिवाय कुणी पिऊ नका."

आमच्या बोअरजवळ संडासच काय, सावलीचं झाडही नाही. मी बसस्टँडवर अहवाल तीनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना मला आठवलं, की आबांनी गेल्या वर्षी विहिरीच्या वरच्या अंगाला नवा संडास बांधलाय.

तात्या ओट्यावर होते. मी म्हणालो, "बाटली कुठं भरली?"

तात्यांनी आभाळाकडे पाहिलं. "परीक्षेला कुनी आजारी पोरगं बसवतं का? हुशार बघून बसवलं."

"हुशार नापास झालंय."

मी सगळं सांगितलं. तात्यांच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला, तो मी पाहिला, खोटं कशाला बोलू. मग तो उतरला. आबांची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती, आठवा सरत आलेला. भांडण चालू असतानाही तात्यांच्या अंगाखांद्यावर खेळलेली पोर. दिवसभर त्याच पाण्याच्या माठापाशी बसलेली.

"सांगायला पायजे," तात्या म्हणाले.

"सांगा की."

"काय सांगू? तुमचं पानी चोरलं म्हनून? का शिवारात तुमचंच पानी चांगलं वाटलं म्हनून?" चोरीचं त्यांना काही नव्हतं. दुसरं वाक्य जड जात होतं.

तरी उठले. मी मागोमाग; असा प्रयोग चुकवणाऱ्यांतला मी नव्हे.

आबांनी आत बसवलं. काकूंनी तांब्या-भांडं पुढं ठेवलं. तात्यांनी भांडं उचललं, पाहिलं आणि खाली ठेवलं. आमच्याकडे दिलेलं पाणी न पिणं ही शिवी आहे.

"आमचं पानी चालंना व्हय आता?" आबा म्हणाले.

तात्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं: बाटली, बारामती, जंतू, संडास. लेकीनं माठ उचलला, परसात नेऊन ओतला आणि पातेलं गॅसवर चढवलं. आबा मात्र जागचे हलले नाहीत.

"थांबा," ते म्हणाले. "म्हंजे बाटलीत भरायला तुमी शिवारभर चांगलं पानी हुडकलं?"

"व्हय."

"आन् आमचं घेतलं?"

"व्हय म्हनतोय की."

"मोठ्यानं म्हना. हिला ऐकू आलं न्हाय."

तात्यांनी मोठ्यानं म्हटलं. आबांनी दुसऱ्याच दिवशी शोषखड्डा बुजवायला माणसं लावली. विहिरीत औषध पडलं. दुसरी बाटली आली ती आमच्या बोअरला, आणि ती भरायला आबा स्वतः आले. "तुमचा भरवसा न्हाय," म्हणाले आणि झाकण दोन बोटांनी, नाजूक, बाहेरून धरलं. आम्ही खरे नापास झालो. नळ्या धुऊन काढल्या, बाग सावरली.

आबांच्या घरी नात झाली. बारशाला तात्यांसमोर पुन्हा तांब्या-भांडं आलं. लेक म्हणाली, "उकळलेलं हाय, तात्या. प्या बिनघोर."

तात्यांनी घोट घेतला. तोंडात फिरवला. सगळं बारसं थांबलं.

"चव गेली त्याची," तात्या म्हणाले, आणि भांडं रिकामं करून पुन्हा पुढं केलं.