तिसऱ्या सिलिंडरची भिंत

इंजिनाचे सिलिंडर आतून कातून बोअर करणाऱ्या त्या कारागिराला अख्खी गल्ली मायक्रॉन म्हणायची. हा चहात साखरही गेज लावून घालतो, अशी त्याची टवाळी चाले. मापातली चूक त्याला खपत नसे, आणि माणसातली तर त्याहून नाही. सख्ख्या धाकट्या भावाशी त्याचा सहा वर्षं अबोला होता. वडिलांच्या वर्कशॉपमध्ये मधोमध पत्र्याची आडभिंत घातलेली; अलीकडे याचं बोअरिंग मशीन, पलीकडे भावाचं गॅरेज. आई भावाकडे राहायची.

एका सकाळी भावाने आपल्या गाडीच्या इंजिनाचा ब्लॉक हातगाडीवर ढकलत आणून याच्या दारात ठेवला. गावात दुसरं धड मशीन असतं तर तो मेला तरी आला नसता. त्याला चढाच्या शर्यतीत उतरायचं होतं, आणि त्यासाठी तेराशे सीसीचं इंजिन चौदाशेच्या वर न्यायचं होतं. प्रत्येक सिलिंडर तीन मिलिमीटरने रुंद करायचा. मोठे पिस्टन तो घेऊनच आला होता.

मायक्रॉनने सिलिंडरच्या भिंतींची जाडी मोजली. तिसऱ्या सिलिंडरची एक बाजू ओतकामातच पातळ पडली होती, जेमतेम चार मिलिमीटर. तीनातले निम्मे, म्हणजे दीड, या बाजूने गेल्यावर उरणार अडीच. त्याने सांगितलं, एक मिलिमीटरपर्यंत रुंद करून देतो. त्यापुढे गेलास तर भिंत तापून वेडीवाकडी होईल, पिस्टनच्या रिंगा धरणार नाहीत, इंजिन ऑइल पीत सुटेल आणि एक दिवस तडकेल.

"तुला जन्मभर भीतीच वाटत आली," भाऊ म्हणाला. "बाबांनाही असंच घाबरवून घाबरवून घरी बसवलंस."

ज्यावरून अबोला धरला होता ते बाबांचं नाव निघालं आणि मायक्रॉनच्या डोक्यात तिडीक गेली. भावाला हाकलून द्यायचं सोडून त्याने ब्लॉक मशीनवर चढवला. ठीक आहे, म्हणाला, तीन तर तीन. दोन दिवस त्याने जीव ओतून काम केलं, उद्या कुणी त्याच्या हाताला बोल लावू नये म्हणून. मनातल्या मनात त्याने इंजिनाला मुदतही घालून दिली. चार महिने.

शर्यतीत भाऊ दुसरा आला. त्यानंतर तीच गाडी रोज वापरू लागला. सकाळी पलीकडे ती सुरू झाली की मायक्रॉनच्या हातातलं काम थांबे. चार महिने गेले, सहा गेले. धूर निळा पडला, ऑइलचे रिकामे डबे साठू लागले, पण इंजिन काही बसेना. ते आपल्याला खिजवायलाच चालतंय, असं त्याला वाटायला लागलं. जेवताना एकदा बायकोने विचारलं, तुम्ही गाडी मोडायची वाट बघताय, की भाऊजी मोडून पडायची? त्याने ताट सरकवलं.

नवव्या महिन्यात भाऊ आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेत होता. चढावर तिसरी भिंत तडकली, पाणी सिलिंडरमध्ये शिरलं, वाफेचा लोट उठला आणि इंजिन जागीच जाम झालं. मागचा ट्रक हातभर अंतरावर थांबला. आई दोन तास उन्हात रस्त्याकडेला बसून राहिली.

इंजिन फुटल्याचं कानावर आलं तेव्हा मायक्रॉनला आधी बरं वाटलं. गाडीत आई होती हे त्याला मागाहून समजलं.

संध्याकाळी ती स्वतःच त्याच्या दारात आली.

"फुटणार हे तुला माहीत होतं?"

"मी त्याला सांगितलं होतं."

"मला नाही सांगितलंस. त्या गाडीत मी बसत होते."

गाडीत कोण बसतं, हा विचार नऊ महिन्यांत त्याच्या मनाला शिवलाही नव्हता.

त्याने ब्लॉक मागवून घेतला. चारही सिलिंडरमध्ये लायनर, म्हणजे आतून नव्या भिंतीची नळकांडी, ठोकले आणि इंजिन मूळ मापावर आणलं. भावाने गाडी फिरवून पाहिली आणि परत येऊन म्हणाला, "पार मेंगळट करून टाकलीस."

"टिकेल," मायक्रॉन म्हणाला.

दोघांमधलं हेच शेवटचं बोलणं. डॉक्टरकडे पुन्हा जायची वेळ आली तेव्हा आईने दोघांनाही कळवलं नाही. शेजारणीला सोबत घेतलं आणि बसने गेली.